लिंबाखालून ओरडून सांगितलेलं

किस्से कुणी गोळा करत नसतं. माणसाला एका खाटेवर पाडून ठेवा, गेटाबाहेर जायची बंदी घाला, वर रोज एक अंडं आणि कपभर दूध द्या, आणि बघा. किस्से आपोआप साचतात, फुफ्फुसात पाणी साचावं तसे. मग कुणाला तरी सुई खुपसून काढायलाच लागतात. आज तुम्ही चहा पाजायलात, तर घ्या काढून.

वॉर्ड आमचा टीबीचा, पुरुषांचा. बिदर जिल्ह्यातल्याच एका दवाखान्याच्या पार मागच्या अंगाला, मुडदेघराच्या थोडं अलीकडं. दवाखान्याचं नाव सांगत न्हाई. तिथं अजून माझी माणसं पडून आहेत.

माझं शिक्षण बी.एस्सी. दुसरं वर्ष, अर्धं. कॉलेज मी सोडलं की कॉलेजनं मला, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. प्रॅक्टिकलच्या वहीत मी जंतूंची चित्रं झकास काढायचो. काडीसारखा सरळ तो टीबीचा. स्क्रूसारखा पिळाचा तो गरमीचा, म्हणजे तुमच्या सिफिलिसचा. सरांनी खाली लाल शाईनं 'व्हेरी गुड' लिहिलं होतं. एक दिवस त्याच प्रॅक्टिकलला खोकता खोकता माझा रुमाल लाल झाला, आणि व्हेरी गुड लिहिणारे सर सगळ्यात आधी दाराबाहेर पळाले! बाहेरूनच म्हणाले, "मिलिंद, बरा झालास की ये."

मी म्हणालो, "सर, तुम्ही बरे झालात की बोलवा."

अजून त्यांचा निरोप आला न्हाई.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधे मधे विचारू नका. शशी म्हणजे माझ्या मामाची पोरगी. आमच्याकडं मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क. ती दुसरीकडं द्यायची तर आधी भाच्यानं पाव्हण्यासमोर आपल्या तोंडानं म्हणायचं, "माझं काही म्हणणं न्हाई." मगच पुढची सुपारी फुटते. शशी आणि मी लहानपणापासून एकमेकांचे, हे सगळ्या गोताला ठाऊक. मला टीबी झाला आणि मामा ते एक वाक्य माझ्या तोंडून काढायच्या मागं लागला. मी दोन गोष्टींच्या मागं होतो. एक, थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह यावा. दुसरी, तोवर मामानं गप बसावं.

दोन्ही माझ्या हातात न्हवत्या.

*

भेटायची आमच्या वॉर्डाची पद्धत मी दुसरीकडं कुठं बघितली न्हाई. पेशंट व्हरांड्यात. समोर मोकळं अंगण. अंगणापलीकडं कडुलिंबाचं झाड. भेटायला आलेली माणसं त्या लिंबाखाली. मधलं अंगण कुणी ओलांडायचं न्हाई! डॉक्टरांनी असला नियम कधी केलाच न्हवता. ते बिचारे घसा कोरडा करून सांगायचे, की तोंडाला रुमाल लावा, उघड्यावर बसा आणि खुशाल बोला. पण पहिला कोण शहाणा लिंबाखाली थांबला देव जाणे, त्याच्यामागं आख्खा जिल्हा थांबला.

त्यामुळं सगळं बोलणं ओरडून. घरचं, दारचं, गाईचं, सुनेचं. नवरा-बायकोचंसुद्धा! बायको लिंबाखालून ओरडायची, "अंगावर मांस चढलं का जरा?" नवरा इकडून ओरडायचा, "चढलंय!" आणि बाकीचे आम्ही त्याच्याकडं वळून बघायचो, खरं सांगायलाय का खोटं.

काही लोक हुशार. खाजगी बोलायचं झालं की भाषा बदलायचे. मराठीतनं कानडीत, कानडीतनं दखनीत. काय उपयोग? बिदर जिल्ह्यात तिन्ही भाषा कुत्र्यालासुद्धा कळतात.

एक नरसिंग तेवढा सुखी होता. औरादकडचा. तो आणि त्याची बायको तेलुगूत बोलायचे. ती अंगणापलीकडून एकच वाक्य ओरडायची, "नुव्वु लेका निद्र पट्टदु!" नरसिंग लाजून खाटेच्या गजाला धरायचा. आम्हाला काही कळायचं न्हाई आणि राहवायचं पण न्हाई. शेवटी सादिकभाई लॉरी ड्रायव्हर, ज्याची निम्मी जिंदगी हैदराबादच्या रस्त्यावर गेलेली, त्याला आम्ही घेरलं.

"बोल रै की तुम्हारे बिना नींद नईं आती," सादिकभाई म्हणाला. आणि मग बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडला.

झालं, आख्खा वॉर्ड तेलुगू शिकायला बसला! टीबीत दुसरा धंदा काय? पुढच्या रविवारी नरसिंगची बायको आली, लिंबाखालून विचारलं, "एम् तिन्नावु?" म्हणजे काय खाल्लंस. नरसिंग तोंड उघडायच्या आत पलीकडच्या खाटेवरून म्हातारा मल्लप्पा ओरडला, "जोन्न रोट्टे! पप्पु!" म्हणजे ज्वारीची भाकर आणि डाळ.

बाई हबकली. नरसिंगनं कपाळाला हात लावला.

त्या दिवसापासून ते दोघं बोलायचंच बंद झाले. ती यायची, लिंबाच्या मुळीवर बसायची. हा व्हरांड्याच्या पायरीवर. तास तास नुसते बघायचे एकमेकांकडं.

ते मात्र आम्हाला कुणालाच शिकता आलं न्हाई.

*

आता आमच्या बाचं ऐका.

आमचा बा म्हणजे छप्पन सालानंतरचा माणूस. धर्म बदलला, देव्हारा काढला, भिंतीवर तसबीर लावली. चिटगुप्प्याच्या बाजारात हॉटेलवाल्यानं वेगळ्या कपात चहा दिला म्हणून बानं तो कप त्याच्याच दारात फोडला होता. हा किस्सा लहानपणापासून मी इतक्या वेळा ऐकलाय, की कप फुटल्याचा आवाज मला पाठ आहे. आणि माझा टीबी निघाल्यावर ह्याच माणसानं घरात माझा पेला वेगळा केला. ओळखू यावा म्हणून त्याला खिळ्यानं खूण पण केली.

मी विचारलं, "बा, हा कुठं फोडायचा?"

बा बोलला न्हाई. गावात मात्र बोलला. काय बोलला? तर मिलिंदला हैदराबादला कंपनीत नोकरी लागली! म्हणजे मी खाटेवर पडून रक्त थुंकायलोय आणि गावात मला पगार सुरू. लोक विचारायचे, बा वाढवून सांगायचा. दिवाळीला तर मला प्रमोशन दिलं.

मग शेजारच्या सुंदराकाकूनं डबा भरला. तिचा पोरगा खरोखरचा हैदराबादला. "मिलिंद तिथंच आहे न्हवं? एवढं लाडू माझ्या बाळूला पोचते करायला सांगा," म्हणून डबा बाच्या हातात. बा न्हाई म्हणू शकंना. डबा घेऊन सरळ वॉर्डात आला. लिंबाखाली डबा ठेवला आणि ओरडला, "खाऊन टाका लेकानू!"

खाल्ले. शेंगदाण्याचे होते. मल्लप्पाला दात न्हवते, त्याला कुटून दिले.

महिन्याभरानं बाळू गावी गेला. लाडू बघितलेले न्हवते त्यानं. गावभर झालं, की मिलिंद लाडूचोर! काकू बोटं मोडून शिव्या द्यायली, मित्र हसायले. आई रडून बाला म्हणाली, "आता तरी खरं सांगा. पोराला चोर म्हणायलेत."

बा काय म्हणाला माहितीय?

"म्हणू दे. चोराचं लगीन होतंय."

*

सादिकभाईला डॉक्टरांनी नवी कॅप्सूल चालू केली. लाल. तेव्हा ती कॅप्सूल सगळ्यांना मिळत न्हवती. ती घेतली की लघवी लाल होते, हे त्याला कुणी सांगितलंच न्हाई. सकाळी संडासातून जी बोंब उठली, मुडदेघराचा चौकीदार काठी घेऊन पळत आला!

"डाक्टरसाब! मैं छाती का बीमार होको आया था, तुम नीचे से भी खून चालू कर दिए!"

डॉक्टरांनी समजावलं, की तो औषधाचा रंग आहे, रक्त न्हवं. सादिकभाईनं मान हलवली, "हौ साब," आणि दुसऱ्या दिवसापासून कॅप्सूल गादीखाली. त्याचं म्हणणं, चाळीस वर्षांचं रक्त असं मोरीत घालवायला तो मूर्ख न्हाई.

आता डॉक्टर पण तयारीचा माणूस. कॅप्सूल पोटात गेली का गादीत, हे बघायला तो रोज सकाळी लघवीची बाटली तपासायचा. लाल दिसली की पुढं. सादिकभाईची बाटली रोज लाल. रोज शाबासकी. आम्ही चकित! कारण गादीखाली कॅप्सूलचा ढीग आम्हीच बघायलो होतो.

एक दिवस डॉक्टरांनी बाटली उजेडाला धरली. हलवली. बूच काढलं. नाकाजवळ नेली.

"सादिकभाई," डॉक्टर म्हणाले, "किडनी में इलायची कहाँ से आई?"

पानाची पिंक! रोज सकाळी वॉर्डबॉयकडून एक विडा मागवून, अर्धा चावून, अर्धा बाटलीत.

त्या दिवशी डॉक्टरांनी कॅप्सूल आपल्या हातानं त्याच्या जिभेवर ठेवली. संध्याकाळी हायवेवरून लॉरीचा हॉर्न वाजला की सादिकभाई उठून बसायचा. "गुलबर्गा जा रा. माल भरको है, आवाज भारी है." मग म्हणायचा, "डाक्टर बोले अब लॉरी नक्को. दुकान डालो." आणि असा हसायचा, जसं डॉक्टरनं त्याला साडी नेसायला सांगितलंय.

*

म्हातारा मल्लप्पा धनगर. मेंढरं पोरांनी विकली, म्हाताऱ्याला आणून टाकलं, गेले. त्याच्यासाठी लिंबाखाली कुणी कधी उभं राहिलं न्हाई. पोरांची नावं तो चांगली घ्यायचा. मी असतो तर घेतली नसती.

त्याला रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई. अण्णम्मा सिस्टर द्यायची. सिस्टर केरळची, तिचं मराठी आमच्या कानडीसारखं, कानडी तिच्या हिंदीसारखं. सुई दुखायची, भल्याभल्या पैलवानांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मल्लप्पा मात्र सगळ्यांच्या आधी लाईनीत! सुई दिल्यावर सिस्टर ती जागा बोळ्यानं जरा वेळ चोळायची. म्हातारा डोळे मिटून पालथा पडायचा.

मग त्याचा सुयांचा कोर्स संपला. नुसत्या गोळ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी म्हातारा परत लाईनीत.

"आप्पा, तुमारा खतम हुआ."

"व्हय, ठावं हाय."

"फिर?"

"पाण्याची तरी दे एक."

लाईनीतले सगळे हसले. अण्णम्मा सिस्टर न्हाई हसली. म्हणाली, "आप्पा, सुई चाहिए का हात चाहिए?"

म्हातारा म्हणाला, "तू सुई लाव, सिस्टर. हात मागनं येतंयच."

*

ओपीडीत दोन बाकडी होती. एक छातीवाल्यांचं. दुसरं चमडी आणि गुप्तरोगाचं. दुसऱ्या बाकड्यावर कधी कुणी बसलेलं मी बघितलं न्हाई. ते लोक भिंतीला टेकून उभे राहायचे, हातात पिशवी, नजर रस्त्याकडं. जसं काही बसची वाट बघायलेत.

एका मंगळवारी चिटगुप्प्याचे रुद्रप्पा अण्णा आले. भुसार मालाचे व्यापारी. कपाळावर तीन बोटं विभूती, इस्त्रीचं धोतर. आमच्या भागात कुठलं पोरगं सिनेमाला गेलं, कुणी कुणाच्या पोरीकडं बघितलं, याचा निवाडा अण्णांच्या ओट्यावर व्हायचा. मला पण एकदा तिथं उभं केलं होतं, शशीबरोबर बाजारात दिसलो म्हणून. अण्णांनी चालचलनावर भाषण दिलं होतं.

तर अण्णांना गरमी! दुसऱ्या बाकड्याचे पेशंट! पण त्या बाजूला उभं राहायचं कसं? कुणीतरी ओळखणारच. म्हणून अण्णा मोठ्या डोक्यानं टीबीच्या बाकड्यावर येऊन बसले. विचार असा, की गर्दी पांगली की हळूच डॉक्टरला गाठू.

गर्दी पांगायच्या आधी अण्णम्मा सिस्टर आली. तिनं बाकड्यावरच्या सगळ्यांना डब्या वाटल्या. "थूको! अंदर से!"

आता काय करणार? "मी थुंकीवाला न्हाई, पलीकडचा आहे," असं म्हणायचं? अण्णा खाकरून थुंकले.

रिपोर्ट पॉझिटिव्ह.

डॉक्टर म्हणाले, "अण्णा, शाबास! एवढ्या लवकर स्वतःहून कुणी येत न्हाई."

मग रक्त तपासलं, त्यात दुसरा पण सापडला. एकाच माणसात काडी आणि पीळ. माझ्या प्रॅक्टिकलची वहीच धोतर नेसून वॉर्डात दाखल झाली!

इथवर किस्सा हसायचा. पुढचा न्हाई, पण सांगतो.

अण्णांची बायको गंगाक्का दर रविवारी लिंबाखाली यायची. तिला मूल न्हवतं. म्हणजे झाली होती, सगळी मेलेली. चिटगुप्प्यात सगळ्यांना माहीत होतं, की दोष गंगाक्काच्या कुशीचा. तिला नवस झाले, अंगारे झाले, उपास झाले. अण्णांची दुसरं लग्न करायची बोलणी पण चालली होती. डॉक्टरांनी अण्णांना खाटेजवळ बसून हळू आवाजात सांगितलं, "हे तुमच्यापासून तिला गेलेलं असणार. पोटातल्या पोरालाही ह्यानंच मारलं असणार. तिला पाठवा. रक्त बघू, पेनिसिलिन देऊ. बरं होतं हे."

अण्णा म्हणाले, "तिला सांगू नका, डॉक्टर. माझा मान राहणार न्हाई."

मी शेजारच्या खाटेवर. म्हणालो, "अण्णा, मान कुठल्या बाकड्यावर ठेवलाय?"

अण्णा म्हणाले, "मोठ्या माणसाशी कसं बोलावं, बापानं शिकवलं न्हाई का?"

मी म्हणालो, "मान झाकायला बाप पण तुमच्याचकडनं शिकलाय."

पुढच्या रविवारी अण्णम्मा सिस्टर सरळ लिंबाखाली गेली आणि गंगाक्काचा हात धरून तिला बायकांच्या बाजूला घेऊन चालली. अण्णा व्हरांड्यातून ओरडले, "यल्लिगे करकोंड होगतीरी? कुठं नेताव तिला?" दोघींपैकी कुणी वळून बघितलं न्हाई. बऱ्याच वेळानं गंगाक्का एकटी परत आली, दंडावर कापसाचा बोळा दाबून. लिंबाखाली उभी राहिली. घरी ती कानडी बोलायची. त्या दिवशी मराठीत बोलली. ओरडली पण न्हाई फारशी.

"पोरं पुरताना तुम्ही शेजारी उभं होताव. तवा बोलायचं होतं."

त्याच्यानंतर ती रविवारी आली न्हाई. अण्णा रोज लिंबाकडं तोंड करून बसायचे. विभूती लावून, तयार होऊन. मला कीव आली न्हाई. मल्लप्पाला आली. त्यानं सिस्टरला विचारलं, "त्या बाईचं काय झालं गं? दुखण्यात पडली का काय?"

"अच्छी है," सिस्टर म्हणाली. "हर हफ्ते आती. मंगलवार को, इंजेक्शन लेने. आगे के दरवाजे से."

*

शशी मला भेटायला म्हणून एकदाच आली होती, माझ्या आईबरोबर. मामाला सांगितलं बिदरला बांगड्या भरायला जायलोय.

लिंबाखाली दोघी उभ्या. आई पदरानं डोळे पुसायली, म्हणून बोलायचं काम शशीकडं. काय बोलली? तर आख्ख्या गावाचा रिपोर्ट! कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या घरात वाटणी झाली, मन्नाएखेळ्ळीच्या शाळेचं पत्र्याचं छप्पर कसं उडालं, आणि मामा मास्तर छपराच्या मागं धोतर सावरत कसे पळाले. ओरडून ओरडून, हातवारे करून. व्हरांडा लोटपोट. सादिकभाई टाळ्या द्यायला. तिनं स्वतःचं एक अक्षर सांगितलं न्हाई, माझं एक विचारलं न्हाई. मी खांबाला धरून वाट बघायलोय, आता विचारेल, आता विचारेल.

बसची वेळ झाली. दोघी निघाल्या. गेटापाशी जाऊन शशी वळली आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडली, "केस कामून एवढे बारीक कापलास रे?"

मी ओरडलो, "वाढतील!"

"कधी?"

ती केसांचं विचारायली का कशाचं, ते कळंना. मी उत्तर शोधायलोय तोवर बस गेली.

*

आणि आता मामा.

मामा मन्नाएखेळ्ळीला प्रायमरी शाळेत मास्तर, हे आलंच. त्याचा आवडता धडा रोगजंतूंचा. फळ्यावर मोठ्ठं लिहायचा, 'क्षयरोग औषधाने पूर्ण बरा होतो.' पोरांकडून एका सुरात म्हणवून घ्यायचा. मी स्वतः त्याच्या वर्गात म्हणलोय, शशीच्या शेजारी बसून. मला आठवतं, शशीचा आवाज सगळ्यांत वर असायचा.

त्या महिन्यात माझा रिपोर्ट परत पॉझिटिव्ह आला होता. डॉक्टर म्हणाले, औषध बदलू, वेळ लागेल. किती, ते त्यांनाही सांगता येईना. मी रात्रंदिवस एकाच गोष्टीचा विचार करायलो होतो. हा जंतू माझ्या छातीत असताना शशीला कुठल्या तोंडानं थांब म्हणायचं? माझ्याच श्वासातनं तिला द्यायचा? बाचा राग, मामाचा राग, कॉलेजचा राग, सगळे राग त्या प्रश्नाशी येऊन गप बसायचे. शेवटी ठरवलं. मामा आला की म्हणून टाकायचं. माझं काही म्हणणं न्हाई.

मामा आलाच! बरोबर भालकीचा पाव्हणा, होणाऱ्या नवऱ्याचा चुलता. टोपी, काळा कोट. आणि त्यांच्या मागं शशी. लग्नाचा बस्ता बांधायला बिदरला निघालेले. वाटेत भाच्याचा हक्क सोडवून घ्यायचा, पाव्हण्याच्या कानानं ऐकवायचा, आणि तसंच कापडाच्या दुकानात. एका तिकिटात दोन कामं.

तिघंही लिंबाखाली थांबले. मामा ओरडला, "मिलिंदा! पाव्हणे आलेत! तुझ्या तोंडानं सांग, शशीबद्दल तुझं काही म्हणणं न्हाई!"

मी खाटेवरनं हललो न्हाई.

"ऐकू येईना का? सांग, काही म्हणणं न्हाई!"

आता व्हरांड्याला वास लागला. सादिकभाई उठून कठड्यापाशी आला. कानाला हात लावून ओरडला, "क्या बोल रै मास्टरसाब? हवा उल्टी है!"

मामानं दखनीत सांगितलं.

मल्लप्पा ओरडला, "एनु? एनु हेळतीर? कानडीत सांगा की जरा!"

मामानं कानडीत सांगितलं. घसा बसायला लागला त्याचा.

नरसिंग, जो व्हरांड्यात कधी एक शब्द बोलत न्हवता, तो उभा राहिला आणि म्हणाला, "तेलुगूलो?"

आख्खा व्हरांडा फुटला! हसता हसता निम्म्यांना खोकला लागला. खोकला लागला की एकाला बघून दुसऱ्याला लागतो. पाव्हण्यानं खिशातनं रुमाल काढला. मामा लालबुंद. "मिलिंदा," तो फाटक्या आवाजात ओरडला, "थट्टा न्हवं ही! पोरीचं आयुष्य आहे! तिचं बरं व्हावं असं वाटू दे तुला!"

ते मात्र बसलं. थेट जिथं बसायचं तिथं.

मी उठलो. पायरीवर येऊन उभा राहिलो. मागं एकेकाचा खोकला थांबत गेला. शशी पाव्हण्याच्या शेजारी उभी होती, हिरव्या लुगड्यात, खाली बघत. मी तिच्याकडं बघितलं न्हाई. मामाकडं बघितलं, पाव्हण्याकडं बघितलं, आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात शशी खोकली.

पदर तोंडाशी धरून, बारीक. मग जरा थांबली. मग परत. या वेळी वाकून, छातीला हात लावून.

पाव्हण्याचा रुमाल नाकावर गेला. तो हळूच बाजूला सरकला, आधी शशीपासून, मग मामापासूनही.

मामा खाली बघत पुटपुटला. पण सवय लागली होती, ते पुटपुटणंही ओरडूनच आलं, "शशे! कामून खोकायलीस?"

शशीनं पदर खाली घेतला. मान वर केली. माझ्याकडं बघत, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"लई दिसांपासून खोकायलेय, अप्पा. तुमाला आज ऐकू आलं व्हय?"